तरतरीचा हिशेब

आपल्या घरांतून दोन वाक्ये रोज ऐकू येतात. पुरुष म्हणतात, "चहा घेतल्याशिवाय डोकं चालत नाही." बायका म्हणतात, "मशेरी लावल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही." दारूविषयी आपल्या वस्त्यांतून पुष्कळ बोलले जाते आणि बोललेच पाहिजे. दारूने घरे कशी बसतात हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पण दारू माणसाला लोळवते आणि चहा-तंबाखू माणसाला उठवतात, म्हणून या दोघांकडे कुणी संशयाने पाहत नाही. राबणाऱ्या माणसाचे ते सोबती आहेत असेच आपण धरून चालतो. शरीराला आणि मनाला चेतवणाऱ्या अशा पदार्थांना उत्तेजक म्हणतात. चहा-कॉफीतले कॅफीन आणि तंबाखूतले निकोटीन हे त्यांतले रोजच्या ओळखीचे. कोकेन आणि अ‍ॅम्फेटामीन हे त्यांतले जहाल.

ही तरतरी खरी असते का? असली तर किती आणि किती वेळ टिकते? तिच्या बदल्यात शरीर काय देऊन बसते? "मला बरं वाटतं" हे काही या प्रश्नांचे उत्तर नव्हे. हा धडा मला माझ्या नोकरीने दिला.

मी महानगरपालिकेच्या प्रसूतिगृहात ३१ वर्षे परिचारिका होते. तिथे पहिल्याच महिन्यात शिकवले गेले की, बाई "ताप उतरला" म्हणाली तरी तक्त्यावर तसे लिहायचे नाही. थर्मामीटर लावायचा, आकडा वाचायचा आणि तोच लिहायचा. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. बाळ हाताला चांगले भरलेले वाटले तरी काट्यावर ठेवायचेच. हाताला जे वाटते आणि काटा जे सांगतो, त्यांत पाव किलोचा फरक मी कितीतरी वेळा पाहिला आहे. हात मायेने खोटे बोलतो, काट्याला माया नसते.

रात्रपाळीत तीनच्या सुमारास वॉर्डातल्या मावशी चहा करीत. तो प्यायलो की आमचे डोळे उघडत. पण ते चहाने उघडत, की उठून चार पावले चालल्याने, दोन शब्द बोलल्याने, गरम कप हातात धरल्याने? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात होता. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली. माझी मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. तिने पुस्तके आणून दिली, इंग्रजी निबंध बसून समजावून सांगितले. तेव्हा कळले की हाच प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या माणसांना पडला होता आणि त्यांतले काही त्यात चांगलेच फसले होते.

सिग्मंड फ्रॉइड हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. मनाच्या आजारांवर त्यांनी पुढे मोठे लेखन केले. पण १८८४ साली ते व्हिएन्ना शहरातले एक तरुण, गरजू डॉक्टर होते आणि कोकेन हे तेव्हा नवलाईचे औषध होते. फ्रॉइड यांनी ते स्वतः घेतले आणि त्याची स्तुती करणारा लेख लिहिला. पुढच्या वर्षी त्यांनी मोजणीही केली. मूठ आवळली की किती जोर लागला ते काट्यावर दाखवणारे एक यंत्र असते. कोकेन घेतल्यावर त्यांच्या मुठीचा जोर वाढलेला दिसला. आकडे खोटे नव्हते. पण मोजणीला दोन भोके होती. आपण कोकेन घेतले आहे हे मोजणाऱ्याला ठाऊक होते आणि मोजणी त्या काही तासांपुरतीच होती. त्यांचे मित्र एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सोव हे नामांकित शरीरशास्त्रज्ञ होते. हाताच्या दुखण्यामुळे त्यांना मॉर्फीनची सवय लागली होती. ती सुटावी म्हणून फ्रॉइड यांनी त्यांना कोकेन सुचवले. मॉर्फीन राहिले बाजूला, त्यांना कोकेनचे व्यसन जडले. १८९१ साली ते वारले. मुठीचा जोर दाखवणाऱ्या काट्याला सवय दाखवता येत नव्हती.

पहिले भोक बुजवण्याचे काम इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या रिव्हर्स या शास्त्रज्ञाने मनावर घेतले. १९०६ साली त्यांनी या विषयावर व्याख्याने दिली आणि १९०८ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. त्यांचे म्हणणे सरळ होते. 'आज आपण औषध घेतले आहे' एवढे कळले तरी माणसाचा हात जोरात चालतो. म्हणून रंगाने, चवीने सारखी दिसणारी दोन पेये करायची, एकात औषध आणि दुसऱ्यात नाही. पिणाऱ्याला कळता कामा नये की आज कोणते प्यायलो. मग मोजायचे.

याच पद्धतीचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत एका खटल्यामुळे झाला. १९०९ साली तिथल्या सरकारने कोका-कोलाच्या सिरपची ४० मोठी आणि २० लहान पिंपे जप्त केली. त्यातले कॅफीन प्रकृतीला घातक आहे असा सरकारचा आरोप होता. खटला १९११ मध्ये चॅटनूगा या गावी उभा राहिला. बचावासाठी कंपनीला माणसांवरची मोजणी हवी होती. हे काम हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण प्राध्यापकाने घेतले. घेताना त्याने अट घातली की, निष्कर्ष कंपनीच्या विरुद्ध गेले तरी मी ते छापणार आणि कंपनीने माझे नाव जाहिरातीत वापरायचे नाही. पैसा ज्याचा, निकाल त्याचा, असे होऊ नये म्हणून ही अट. आजही कुठल्याही औषधाविषयी कुणी आकडे सांगू लागला, तर पहिला प्रश्न हाच विचारावा की, मोजणीचे पैसे कुणी दिले आणि अट काय होती?

न्यूयॉर्कमध्ये एक घर भाड्याने घेऊन तिथे १६ माणसांवर ४० दिवस प्रयोग चालला. कुणाला कॅफीनची कॅप्सूल दिली जाई, कुणाला त्याच दिसण्याची पण आत दुधाची साखर भरलेली. घेणाऱ्याला ठाऊक नसे आणि त्या दिवशी मोजणाऱ्यालाही ठाऊक नसे. बोटे किती भरभर चालतात, हात किती स्थिर राहतो, रंगांची नावे किती झटपट सांगता येतात, हिशेब किती लवकर होतो, झोप कशी लागते, हे सारे दिवसातून अनेकदा टिपले जाई. रोजचे हे काम हॉलिंगवर्थची पत्नी लीटा पाहत होती. ती शिकलेली शिक्षिका होती, पण लग्न झालेल्या बाईला न्यूयॉर्कच्या शाळांतून तेव्हा नोकरी देत नसत. या कामाच्या पैशांतून तिचे पुढचे शिक्षण झाले आणि ती स्वतः नामांकित मानसशास्त्रज्ञ झाली.

मोजणीत दिसले ते असे. कॅफीनने बोटांचा वेग वाढला, बुद्धीची कामे झटपट झाली आणि हा परिणाम काही तास टिकला. म्हणजे तरतरी ही निव्वळ कल्पना नव्हती. पण मात्रा वाढली तसा हात थरथरू लागला आणि मोठ्या मात्रेने झोप बिघडली. खटल्याचे पुढे काय झाले म्हणाल, तर आधीचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला, पण १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मग तडजोड झाली आणि कंपनीने पेयातले कॅफीन कमी केले.

आता हे शरीरात घडते कसे ते सांगते. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते. ते मेंदूला निरोप देते, 'थकलास, आता नीज.' निरोप घ्यायला मेंदूत ठरावीक जागा असतात. कॅफीनची घडण अ‍ॅडेनोसीनसारखी असल्याने ते त्या जागा अडवून बसते. निरोप पोचत नाही. थकवा मात्र जिथल्या तिथे असतो. दारावर पाहुण्याने थाप मारली आणि आपण आतून रेडिओ मोठा केला, तशातली ही गोष्ट. चहा प्यायल्यावर अर्ध्या ते एका तासात रक्तातले कॅफीन सर्वांत जास्त होते आणि त्यातले निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हेच निम्मे उतरायला पंधरा तासांच्या आसपास लागू शकतात. कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते, कॉफीत त्याहून जास्त. धडधाकट माणसाने दिवसाला ४०० च्या आत आणि गरोदर बाईने २०० च्या आत राहावे, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितले.

पण दुसरे भोक अजून उरतेच, ते सवयीचे. रोज चहा पिणाऱ्याचा मेंदू हळूहळू त्या अडवलेल्या जागांशी जुळवून घेतो. मग रात्रभर चहा न मिळालेला माणूस सकाळी उठतो तो नेहमीच्या माणसापेक्षा जास्त मंद असतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ३७९ माणसांवर केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत नेहमी भरपूर कॅफीन घेणारे होते आणि अगदी थोडे किंवा मुळीच न घेणारेही होते. सर्वांना १६ तास कॅफीनशिवाय ठेवले. मग काहींना कॅफीन दिले, काहींना नुसती बतावणीची गोळी. बतावणीची गोळी मिळालेले सवयीचे लोक मंदावले आणि त्यांचे डोके दुखू लागले. कॅफीन मिळालेले सवयीचे लोक ताजेतवाने झाले. पण किती? ज्यांना सवयच नव्हती आणि ज्यांना काहीच मिळाले नव्हते, त्यांच्याइतके. त्यांच्यापुढे एक पाऊलही नाही.

सावकाराची उसनवारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे फोड करून सांगायला नको. महिन्याच्या एक तारखेला पैसे हातात आले की माणूस खूश होतो, पण त्यातले निम्मे मागच्या व्याजातच जातात. सवयीच्या माणसाचा सकाळचा पहिला कप बराचसा असाच असतो. रात्रभर चढलेले व्याज तो फेडतो आणि आपण त्याला कमाई समजतो. एकदम चहा बंद केला तर १२ ते २४ तासांत डोके धरते आणि हा त्रास दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत चालू शकतो. म्हणून कमी करायचा तर रोज अर्धा कप याप्रमाणे हळूहळू करावा.

याचा अर्थ चहा निरुपयोगी असा नाही. झोपेची वेळ असताना जागे राहावे लागते, तिथे त्याचा उपयोग मोजणीत टिकलेला आहे. माझा मुलगा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करतो. पहाटे सहाला शेवटचा चहा घेऊन तो मोटारसायकलने घरी येई आणि नऊला झोपे. झोप होत नाही अशी तक्रार होती, पण चहाचा दोष तो मानायला तयार नव्हता. "आई, मला चहाचं काही होत नाही," म्हणे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मुलीने त्याला वाचून दाखवला. ४०० मिलिग्रॅम कॅफीन झोपण्याच्या सहा तास आधी दिले, तरी यंत्राने मोजलेली झोप तासाहून अधिक कमी भरली. त्या माणसांनी स्वतः लिहिलेल्या झोपेच्या नोंदीत मात्र हे नुकसान नीट उमटले नव्हते. गेलेली झोप ज्याची गेली त्यालाच कळत नाही.

मग मुलीने त्याच्या हाती शाळेतली फूटपट्टी दिली. एकाने पट्टी वरून उभी धरायची, दुसऱ्याने खाली शून्यापाशी दोन बोटे उघडी ठेवायची. न सांगता पट्टी सोडली की बोटांनी पकडायची. १७ सेंटिमीटरवर पकडली तर हात हलायला ०.१९ सेकंद लागला, २३ वर पकडली तर ०.२२ सेकंद. पट्टी ३० सेंटिमीटरची असते, ती निसटली तर पाव सेकंद उलटून गेला. मुलाने सोबत्याला घेऊन हे पाळीत केले. दर वेळी दहा फेऱ्या आणि वहीत नोंद. पाळीच्या सुरुवातीला सरासरी १७ आली. पहाटे चारला चहाआधी २३, आणि दहांपैकी दोनदा पट्टी निसटलीच. चहानंतर पाऊण तासाने १९, निसटली एकदाही नाही.

सरासरीपेक्षा ते दोनदा निसटणे मला जास्त लागले. जागरणाचे परिणाम मोजायला १९८५ पासून एक चाचणी वापरली जाते. दहा मिनिटे पडद्याकडे बघायचे आणि आकडा दिसला की बटण दाबायचे. अर्ध्या सेकंदापेक्षा उशीर झाला की ती चूक धरतात, कारण तेवढ्या वेळात माणूस उघड्या डोळ्यांनी गैरहजर असतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल अर्ध्या सेकंदात साडेपाच मीटर जाते. सायन-पनवेल रस्त्यावर पहाटे साडेपाच मीटर म्हणजे काय, हे मी आई म्हणून समजू शकते.

आता तो शेवटचा चहा चारला घेतो आणि सुटी झाल्यावर तिथेच बाकावर पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून मगच गाडीला हात लावतो. सकाळची झोप पूर्वीपेक्षा बरी होते, असे वहीत दिसते. ही एका माणसाची वही आहे आणि चहा प्यायलो हे त्याला ठाऊक असते, त्यामुळे तिला शास्त्र म्हणता येणार नाही. पण स्वतःविषयीचा गैरसमज काढायला ती पुरेशी झाली. चहा झोप पुढे ढकलतो, झोप देत नाही, हे त्याला त्याच्याच अक्षरात वाचायला मिळाले.

परीक्षेच्या दिवसांत "अभ्यासाची गोळी" म्हणून काही मुले उत्तेजक औषधे शोधतात, असे कानावर येते. म्हणून पालकांसाठी एक गोष्ट सांगते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ४६ निरोगी तरुणांवर अ‍ॅडेरॉल या अ‍ॅम्फेटामीनच्या औषधाची मोजणी झाली, ती २०१३ साली छापून आली. स्मरण, लक्ष, बुद्धी यांच्या अनेक चाचण्या घेतल्या. खरी गोळी आणि बतावणीची गोळी यांत फारसा फरक दिसला नाही. फरक एकाच ठिकाणी ठळक होता. खरी गोळी घेतल्यावर आपले काम जास्त चांगले झाले असे मुलांना वाटले. औषधाने पेपर सुधारला नाही, पेपराविषयीचे मत सुधारले. लक्ष न लागण्याचा आजार असलेल्यांना डॉक्टर अशी औषधे देतात ते वेगळे. निरोगी मुलाने ती परस्पर घेणे म्हणजे नाडी वाढवून, झोप घालवून स्वतःची फसवणूक विकत घेणे.

आता मशेरीकडे येते, कारण माता-भगिनींना मला मुख्यतः तेच सांगायचे आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दात-हिरड्यांना लावायची. दात घासायचे साधन म्हणून आपण तिच्याकडे बघतो. प्रसूतिगृहात नाव नोंदवताना बाईला विचारले, "तंबाखू खाता का?" तर ती मनापासून "नाही" म्हणे. मी विचारायचे, "दात कशानं घासता?" मग उत्तर येई, "मशेरीनं. सकाळी, दुपारी, आणि रात्री झोपताना." बाई खोटे बोलत नसे, प्रश्नच चुकीचा असे. मोजणीची सुरुवात अशी प्रश्नापासून होते. तसे शरीर लपवत नाही. निकोटीनचे शरीरात कोटिनीन होते आणि ते लाळेत, लघवीत दोन-तीन दिवस सापडू शकते.

मुंबईतच यावर मोठी मोजणी झाली आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी घरोघर जाऊन १२१७ गरोदर बायकांची नोंद केली आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. दर सहा बायकांत जवळजवळ एक तंबाखू वापरणारी निघाली, बहुतेक मशेरीवाल्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झाले. हे २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले.

१०५ ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे कुणी म्हणेल. मी काट्यापाशी उभी राहिलेली बाई आहे. जन्मतः अडीच किलोच्या आत भरलेले बाळ कमी वजनाचे धरतात. २ किलो ५८० ग्रॅमच्या बाळातून १०५ काढा, ते रेषेच्या खाली जाते. कमी वजनाचे बाळ लवकर गारठते, अंगावर ओढायला दमते, आजाराला लवकर बळी पडते. आईचे पोषण बेताचे असते, अंगात रक्त कमी असते, त्या घरात हे १०५ ग्रॅम कुठून भरून काढायचे?

माझी सून सातारा जिल्ह्यातली. वयाच्या दहाव्या वर्षापासून आईच्या शेजारी बसून मशेरी लावणारी. तिला चौथा महिना लागला तेव्हा मी व्याख्यान दिले नाही. माझे जुने सेकंदकाट्याचे घड्याळ तिच्या हातात दिले आणि मनगटावर नाडी कुठे लागते ते दाखवले. म्हटले, "मशेरीच्या आधी मोज, दहा मिनिटांनी परत मोज, आणि लिहून ठेव." पहिल्या दिवशी ८० आणि ९६. दुसऱ्या दिवशी ८२ आणि ९५. पाच दिवस तिने लिहिले. बसल्या जागी, काही काम न करता, नाडी तेरा-चौदा ठोके वाढलेली. पाचव्या दिवशी तिनेच विचारले, "आई, हे बाळापर्यंत जातं का?" मी म्हटले, "जातं. निकोटीन वारेतून बाळाच्या रक्तात पोचतं. शिवाय ते तुझ्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे बाळाकडे जाणारं रक्त कमी."

तिने सोडायचे ठरवले. पहिले चार दिवस वाईट गेले. चिडचिड, रडू, पोट जड. "मशेरीनंच पोट साफ होतं" हे बायकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. निकोटीन आतड्यांना चाळवते आणि सवयीनंतर ते बंद झाले की पोट धरते. सावकार तोच, व्याजही तेच. कोमट पाणी, पपई, पालेभाजी यांवर आठवड्याने पोट ताळ्यावर आले. तीन-चार आठवड्यांत तलफही विरळ झाली. वहीत नाडी ७८-८० वर स्थिर झाली. मग तिने माझ्याशी मशेरीऐवजी बाळाच्या टोपड्यांविषयी बोलायला सुरुवात केली.

नात झाली ती २ किलो ८५० ग्रॅमची. त्यातले शंभर ग्रॅम मशेरी सोडल्याचे, असे मी म्हणणार नाही. एका बाळावरून ते कुणालाच सांगता येणार नाही, सांगणारा फसवतो. ते १२१७ बायकांच्या मोजणीवरून सांगता येते. म्हणून तर अशा मोजणीची किंमत.

भगिनींनो, तुमच्या घरी घड्याळ आहे, वही आहे, मुलांच्या दप्तरात फूटपट्टी आहे. दिवसाचे कप मोजा. झोपेच्या सहा-सात तास आधी चहा थांबवा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका आणि लोहाची गोळी चहाबरोबर मुळीच घेऊ नका. चहाने लोह अंगी लागत नाही, तासाभराचे अंतर ठेवा. मशेरी लावणाऱ्या गरोदर बाईला टोचून बोलू नका, तिच्या हाती घड्याळ द्या. सोडताना आधार लागला तर १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी मोफत दूरध्वनी आहे. तोंडात पांढरा चट्टा दिसला, तोंड उघडेनासे झाले, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

बाळंतपणाला विहीणबाई आमच्याकडे आल्या होत्या. पन्नास वर्षे मशेरी लावणाऱ्या. तिसऱ्या दिवशी सुनेने बाळाला मांडीवर घेतल्या घेतल्या आईला घड्याळ दिले आणि नाडी मोजायला लावली. आधी ८४, नंतर ९८. विहीणबाई बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढं आत चालतं होय? मला वाटायचं, नुसतं दाताचं आहे." त्यांनी मशेरी सोडली असे नाही. दिवसातून चारदा लावत, आता दोनदा लावतात. गेल्या महिन्यात गावाहून फोन आला तेव्हा नातीची चौकशी झाल्यावर त्यांनी आपण होऊन आकडा सांगितला.